कागद तिरपा जाणे : कटिंग व क्रीजिंग यंत्रांतील दोष

छापून झालेली शीट कापताना, तिचे डाय-पंचिंग करताना किंवा तिच्यावर घडीची क्रीज पाडताना ती जागच्या जागी किंचित फिरते आणि काप किंवा क्रीज छपाईला समांतर पडत नाही. या दोषाला छापखान्यात शीट तिरपी जाणे म्हणतात. नागपुरात महाल-इतवारीतल्या गल्लीतला हातमशीनवाला असो की औद्योगिक वसाहतीतला डबे करणारा कारखानदार, दोघांची तक्रार एकच असते : ‘मशीन तिरपं घेऊन राहिली.’ तक्रार मशीनच्या नावावर मांडली जाते, पण दोष बहुतेक वेळा त्याआधी कधीतरी, कागद साठवताना किंवा कटिंग करताना, झालेला असतो. म्हणून या नोंदीत यंत्राचे नट-बोल्ट शेवटी घेतले आहेत.

सरकणे आणि फिरणे या दोन चुका आधी वेगळ्या ओळखाव्या लागतात. शीट एक मिलिमीटर डावीकडे सरकली, तर चूक सगळीकडे एक मिलिमीटरच राहते आणि पिन किंवा गाइड हलवून ती भरून काढता येते. शीट फिरली, तर चूक एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला सर्वाधिक असते. अशा वेळी गाइड डावी-उजवीकडे हलवत बसले, की आधी बरोबर असलेले टोकही बिघडते. डिजिटल छपाईत सर्रास चालणारी १३ बाय १९ इंची शीट घेतली, तर १९ इंचांच्या, म्हणजे ४८३ मिमीच्या, कडेवर एक मिमीचा फरक म्हणजे सुमारे ०.१२ अंशाचा कोन होतो. सपाट शीटवर हा कोन नजरेला येत नाही. संत्रा बर्फीचा डबा उभा करताना मात्र तो लगेच कळतो : झाकण एका कोपऱ्यावर अडते, चिकटवायची पट्टी एका टोकाला बाहेर डोकावते. घडी घालून चिकटवणाऱ्या मशीनवर असे डबे अडकतात आणि मागची रांगच थांबते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने लागतात. त्याआधी, पावसाळा सरता सरता, बांधणीला आलेल्या पुस्तकांच्या कव्हरवर हाच दोष कण्यावरची अक्षरे कलती दिसण्यातून उघड होतो.

काप आणि क्रीज एकाच दाबात पाडण्याची कल्पना जागेवरून हललेल्या पट्टीतूनच निघाली, असे सांगतात. ब्रुकलिनमधले कागदी पिशव्यांचे कारखानदार रॉबर्ट गेअर यांच्याकडे १८७९ च्या सुमारास पिशवीवर घडी पाडणारी धातूची पट्टी सरकली आणि पिशव्या कापल्या गेल्या. नुकसान झाले ते झाले, पण एकाच साच्यात कापणारी आणि दाबणारी पाती बसवता येतील हे गेअर यांच्या लक्षात आले. आजची डाय त्याच तत्त्वावर चालते. साधारण १८ मिमी जाडीच्या प्लायवूडमध्ये बसवलेले कापायचे पाते २३.८ मिमी उंच असते आणि क्रीजची बोथट पट्टी त्याहून बोर्डाच्या जाडीइतकी बुटकी असते. समोरच्या पत्र्यावर क्रीजच्या पट्टीसाठी खाच ठेवावी लागते. तिची रुंदी बोर्डाच्या जाडीच्या दीडपट अधिक पट्टीची जाडी अशी धरतात. ०.४ मिमी बोर्ड आणि ०.७१ मिमी पट्टी असेल, तर खाच सुमारे १.३ मिमी येते. पट्टी या खाचेच्या मधोमध नसेल, तर क्रीज सरळ असूनही घडी एका बाजूला झुकते आणि शीट तिरपी गेल्याचा भास होतो. हा वेगळा दोष आहे, आणि त्यासाठी फीडर खोलून बसणे म्हणजे दिवस फुकट घालवणे.

निदान. कोणत्याही पेचाला पाना लावण्यापूर्वी त्याच गठ्ठ्यातल्या दहा-पंधरा कोऱ्या शीट घ्याव्यात. प्रत्येकीवर पेन्सिलने अनुक्रमांक, पुढची कड आणि साइड ले (ले म्हणजे शीट जिथे टेकते तो थांबा; साइड ले बाजूचा) लागणारी कड लिहावी आणि एकच आडवी क्रीज पाडावी. मग स्टीलच्या पट्टीने पुढच्या कडेपासून क्रीजपर्यंतचे अंतर डाव्या टोकाला व उजव्या टोकाला मोजून दोन रकान्यांत लिहून काढावे. फरक प्रत्येक शीटवर तेवढाच आणि त्याच बाजूला असेल, तर काहीतरी कायमचे वाकडे बसले आहे : गाइड, ले, डाय, नाही तर खुद्द कागदाचा काटकोन. फरक कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल, तर कागद घेण्यातच गोंधळ आहे. फरक हळूहळू वाढत गेला, तर काहीतरी सैल होत आहे किंवा फीडरवरचा गठ्ठा खाली जाताना एका बाजूने जास्त उतरत आहे.

फरक कायमचा निघाला, तर त्याच शीट पालथ्या घालून, पुढची कड तीच ठेवून, पुन्हा चालवाव्यात. फरक यंत्राच्या त्याच बाजूला राहिला तर दोष यंत्राचा. तो दुसऱ्या बाजूला गेला तर शीटच काटकोनात नाही. या परीक्षेला फार तर दहा मिनिटे लागतात. ती न करता थेट मेकॅनिकला फोन लावण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे, आणि मेकॅनिकही आल्या आल्या रोलर बदलायला सांगतो.

कागद आणि नागपूरची हवा. कागदाचा तंतू ओलाव्याने लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. त्यामुळे शीट तंतूंच्या आडव्या दिशेला कित्येक पटींनी अधिक फुगते-आटते. कागद तपासण्याची आंतरराष्ट्रीय प्रमाण हवा २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता अशी मानली जाते. नागपूरची हवा वर्षातला बराच काळ या आकड्यांच्या आसपासही फिरकत नाही. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांवर असते. विदर्भाला बल्लारपूरच्या गिरणीची ओळख जुनी आहे, पण ती लिहिण्या-छापण्याच्या कागदाची. डब्यांचा ड्युप्लेक्स बोर्ड वापीसारख्या दमट पट्ट्यातूनही येतो. असा बोर्ड मे महिन्यात इथे उघडला, की त्याच्या कडा आधी वाळतात, आखडतात आणि मधला भाग वाटीसारखा खोल होतो. पावसाळ्यात उलट घडते. कडा ओलावा पितात, वाढतात आणि त्यांना लाटा येतात. लाट आलेली कड पुढच्या दोन लेंपैकी एकीला टेकते आणि दुसरीपासून केसभर दूर राहते. एवढ्यावर शीट फिरते.

नागपूरचा खास गुन्हेगार म्हणजे कूलर. वाळ्याच्या किंवा गवताच्या पॅडमधून येणारी ओली हवा ज्या गठ्ठ्यावर थेट पडते, त्याची कूलरकडची कड फुगते आणि भिंतीकडची कोरडीच राहते. मग ऐन उन्हाळ्यात, लग्नपत्रिकांच्या घाईत, शीट ठरावीक एकाच बाजूला तिरपी जाऊ लागते. फरक कायमचा असल्यामुळे सगळे मशीनकडे बोट दाखवतात. वरची परीक्षा केली, तर दोष कागदाबरोबर दुसऱ्या बाजूला जातो आणि उलगडा होतो. उपाय साधा आहे : कूलरचा झोत माणसांवर ठेवावा, कागदावर नको. रिम शक्यतो आदल्या दिवशी मशीनच्या खोलीत आणावी, पण वेष्टन काम सुरू करतानाच फोडावे. उरलेला आणि छापून ठेवलेला गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावा. पूर्ण खोली वातानुकूलित करणे प्रत्येकाला परवडत नाही, गुंडाळणे परवडते.

एका बाजूने लॅमिनेशन केलेल्या शीटचे गणित थोडे वेगळे असते. फिल्मवर ओलाव्याचा परिणाम होत नाही, कागदावर होतो. उन्हाळ्यात कागद आखडून शीट कागदाच्या बाजूने वळते, पावसाळ्यात कागद फुगून ती फिल्मच्या बाजूने वळते. मेमध्ये बसवलेले फीडरचे सेटिंग जुलैत चालत नाही, ते यामुळे. डिजिटल छपाईतून नुकती निघालेली शीट गरम, कोरडी आणि स्थिर विजेने भारलेली असते. दोन शीट एकमेकींना चिकटून जातात आणि खालची वरचीला ओढते. अशा गठ्ठ्याला निवू द्यावे आणि हवा देऊनच तो फीडरवर ठेवावा.

कटिंग आणि ले. छपाईपूर्वी पांढरा कागद गिलोटिनवर कापला जातो, आणि तिरपेपणाचे मूळ अनेकदा तिथे सापडते. मागचा गेज पात्याला समांतर नसेल, तर संपूर्ण रिम काटकोन सोडून कापली जाते. तपासण्यासाठी एक शीट पालथी करून दुसऱ्या शीटवर ठेवावी आणि एक कड जुळवावी. काटकोनातली चूक शेजारच्या कडेवर दुप्पट होऊन दिसते. पाते बोथट असेल किंवा दाबपट्टीचा दाब कमी असेल, तर गठ्ठ्यातल्या शीट पात्याखाली ओढल्या जातात आणि वरच्या-खालच्या शीटच्या मापांत फरक पडतो. मग पहिल्या शंभर शीट सरळ जातात आणि पुढच्या बिघडतात.

छापणाऱ्याने ज्या दोन कडा धरल्या, त्याच कडा पंचिंगवाल्यानेही धरायला हव्यात. हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि तरी मोडतो, कारण छपाई एका दुकानात होते आणि पंचिंग दुसऱ्या. ऑफसेटवर शीट पुढच्या दोन लेंवर आणि एका साइड लेवर बसते. शीटला पूर्ण काटकोन नसला, तरी तेच तीन बिंदू पुन्हा वापरले तर डाय छपाईवर बरोबर बसते. उलटी कड धरली, की कागदाच्या कापातली सगळी चूक डायवर उतरते. वर्क अँड टर्नमध्ये, म्हणजे शीट डावी-उजवी पालटून पाठ छापताना, ग्रिपरची (शीट ओढणाऱ्या चिमट्यांची) कड तीच राहते, साइड ले मात्र बदलते. हे गठ्ठ्यावर लिहून दिले नाही, तर पंचिंगवाला अंदाजाने ठरवतो. गठ्ठ्याच्या वरच्या शीटवर ग्रिपर आणि साइड ले जाड पेनने दाखवून देणे हा या सगळ्या नोंदीतला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

यंत्र. हाताने शीट लावायच्या पंचिंग मशीनवर खाली दोन आणि बाजूला एक अशा तीन ठिकाणी शीट टेकवावी लागते. घाईत ती खालच्या एकाच पिनला टेकते, किंवा जोरात लावल्यामुळे उसळी घेऊन मागे येते. पिनेत घासून खाच पडली असेल, तर कड त्या खाचेत शिरते. चौकटीत डाय कसताना एकाच बाजूने आवळले, तर डायच फिरते. दोन्ही बाजू थोड्या थोड्या आवळाव्यात आणि पावसाळ्यात लाकडी ठोकळे फुगतात हे धरून पुन्हा तपासावे. डायवरचे रबर एका बाजूने झिजलेले असेल, तर ती बाजू शीट वेळेवर सोडत नाही. पात्यात अडकलेली शीट ओढताना पुढची शीट लावायला उशीर होतो आणि ती वाकडी लागते. तिरपी लागलेली शीट मिटत्या जबड्यात हात घालून सरळ करण्याची सवय या मशीनवर बोटे घेते. ती शीट वाया गेलेली परवडते.

कटिंग-क्रीजिंगच्या स्वयंचलित प्लेटनची सुरुवात स्वित्झर्लंडच्या लोझानमधील बोब्स्ट कंपनीने १९४० मध्ये केली. या प्रकारच्या यंत्रांत शीट पट्ट्यांवरून पुढच्या लेंपर्यंत जाते. डाव्या-उजव्या पट्ट्यांचा ताण किंवा वरच्या चाकांचा दाब असमान असेल, तर एक बाजू आधी पोहोचते. शीट पुढच्या लेंवर स्थिरावण्यापूर्वीच साइड लेने ओढले, किंवा फार जोराने ओढले, तरी ती फिरते. ग्रिपर बारच्या साखळ्या असमान ताणल्या जाणे हेही कारण असू शकते, पण ते क्वचित. त्याची शंका अगदी शेवटी घ्यावी.

डिजिटल कामासाठी आता अनेकांनी घेतलेल्या छोट्या कटर-क्रीजर यंत्रांत शीट रबरी रोलरने किंवा हवा खेचणाऱ्या पट्ट्याने आत जाते. ऑफसेटवरून आलेल्या शीटवरची पावडर रोलरवर बसते आणि एका बाजूची पकड जाते. मऊ कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रोलर पुसला, तर बऱ्याचदा काम भागते. बाजूचे गाइड फार घट्ट असतील तर शीट मधून फुगते, सैल असतील तर फिरते. गठ्ठा हाताने मोकळा सरकेल पण डोलणार नाही, एवढीच फट ठेवावी. छापील खूण वाचणारा सेन्सर शीटची पुढची-मागची जागा सुधारतो. फिरलेली शीट सरळ करण्याची सोय प्रत्येक यंत्रात नसते, तरी विकताना हा फरक कोणी स्वतःहून सांगत नाही.

थोडी जबाबदारी डिझाइन करणाऱ्याचीही आहे. कडेपासून दोन मिमीवर बारीक सोनेरी चौकट काढली, तर पाव मिमीचा तिरपेपणाही बोंब मारतो. चौकट आत घेतली किंवा कडेबाहेर ३ मिमी रंग सोडला, तर तोच फरक कोणाच्या लक्षातही येत नाही.

एक प्रकार मात्र पंचिंगवाल्याच्या हातात नसतो : छपाईच शीटवर तिरपी आलेली असते. अशा वेळी डाय कागदाच्या कडेला नव्हे, छपाईला जुळवावी लागते. पुढच्या दोन पिनांपैकी एक किंचित पुढे घेऊन शीट मुद्दाम तेवढीच फिरवतात. छपाईचा तिरपेपणा सगळ्या शीटवर सारखा असेल तरच हे जमते. तो बदलता असेल, तर शीट काचेच्या उजेडी टेबलावर नमुन्याशी जुळवून दोन-तीन गठ्ठ्यांत वेगळ्या कराव्या लागतात आणि प्रत्येक गठ्ठ्यासाठी पिना नव्याने लावाव्या लागतात. या जास्तीच्या कामाचे पैसे छापणाऱ्याने द्यायचे की पंचिंगवाल्याने सोसायचे, हे शीट ताब्यात घेतानाच ठरवून घ्यावे.