शाळेच्या बँडनं वाजवायचं काय?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पंधरा ऑगस्टला भोरच्या बाजारपेठेतून किंवा वेल्ह्याच्या रस्त्यानं शाळेची प्रभातफेरी निघते, तेव्हा सगळ्यांत पुढं असतो शाळेचा बँड. एक मोठा ढोल, तीन-चार साइड ड्रम, झांज, ट्रँगल आणि एखादा बिगुल. कुणी माजी विद्यार्थ्यानं देणगी दिली असेल तर बासऱ्या. क्वचित ट्रंपेट, क्लॅरिनेट. वाद्यं आली की मुलं हरखून जातात. पण मास्तरांपुढं प्रश्न उभा राहतो, यांना वाजवायला द्यायचं काय? प्रश्न साधा वाटतो खरा. पण याच प्रश्नानं एकदा आपल्या राष्ट्रगीताच्या निवडीतही तोंड घातलं होतं.

आधी वाद्याचं पाहू. बिगुलाला ना भोकं, ना पट्ट्या. ओठांचा ताण बदलून त्यातून निघतात ते मोजकेच स्वर: सा, ग, प, वरचा सा आणि खालचा पंचम. रे नाही, म नाही, ध नाही. त्यामुळं बिगुलावर इशारे वाजतात, गाणी वाजत नाहीत. पलटणीत तेवढंच काम होतं. शाळांनी ही वाद्यं पलटणीकडून, पोलिसांकडून आणि स्काउटकडून उचलली आणि त्यांच्याबरोबर चालीही उचलल्या. आपल्या मुलांच्या कानात मात्र त्या वेळी काकडआरती होती, जात्यावरची ओवी होती.

हा सांधा जुळवायचा प्रयत्न मराठी राजवटींत बराच आधी झाला. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी 1886 साली गायनशाळा सुरू केली. गाणं कागदावर लिहिता यावं आणि वर्गात बसलेल्या पन्नास मुलांनी एकदम ते म्हणावं, म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसवली. पुढं 1901 मध्ये विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि सोप्यापासून अवघडापर्यंत पायरीपायरीनं जाणारी पुस्तकं छापली. कुरुंदवाडात जन्मलेल्या आणि मिरजेत शिकलेल्या या माणसानं घराण्याची विद्या शाळेच्या बाकावर आणून ठेवली. गळ्यासाठी आपल्याकडं पायऱ्या तयार झाल्या. फुंकवाद्यांसाठी तसं फारसं कुणी केलं नाही.

आता तो राष्ट्रगीताचा किस्सा. 1947 मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या वेळी भारतीय शिष्टमंडळाकडं राष्ट्रगीत मागितलं गेलं. हाताशी ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती. तिथल्या वाद्यवृंदानं ती चाल वाजवली आणि ती लोकांना आवडली. 25 ऑगस्ट 1948 ला घटना समितीत पंडित नेहरूंनी हे सांगितलं आणि राष्ट्रगीताची चाल वाद्यवृंदावर आणि बँडवर सहज वाजली पाहिजे, परदेशातही वाजली पाहिजे, असा मुद्दा मांडला. ‘वंदे मातरम्’ त्या कसोटीला उतरत नाही, असं त्यांचं मत होतं. विरोधाची दुसरी कारणंही होती, ती सर्वांना ठाऊक आहेत; पण बँडचं कारण पुण्यातल्या एका माणसाला जिव्हारी लागलं.

ते मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. आळंदीचा जन्म, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, ‘प्रभात’च्या चित्रपटांचे संगीतकार. बँडवर वाजत नाही म्हणता? मग वाजवून दाखवतो, या जिद्दीनं ते कामाला लागले. झिंझोटीच्या अंगानं त्यांनी ‘वंदे मातरम्’ची चाल बांधली. ती अशी, की मोठ्या समूहाला म्हणता यावी आणि पावलं तिच्यावर पडावीत. पाश्चात्त्य बँडच्या जाणकारांकडून तिचं स्वरलेखन करून घेतलं, बँडवर ती बसवली आणि दिल्लीला जाऊन घटना समितीच्या सदस्यांना ऐकवली. 24 जानेवारी 1950 ला निर्णय झाला. ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरलं आणि ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान मिळाला. मास्टर कृष्णराव हरले, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. मींड, मुरकी, गमक यांतलं बँडला काय पेलतं आणि काय पेलत नाही, हे तपासून एका थोर गवयानं मुद्दाम बँडसाठी चाल घडवली. शाळेच्या बँडमास्तरानं पहिला धडा घ्यावा तो इथं.

कारण शाळेत नेमकं उलटं घडतं. स्नेहसंमेलन जवळ आलं की गाजलेलं सिनेमागीत निवडतात. मुळात ते कसलेल्या गळ्यासाठी बांधलेलं असतं. सहावीतला मुलगा ट्रंपेटवर वरचा स्वर काढायला जातो, ओठ थकतात, स्वर फाटतो, पोरं हसतात. दुसऱ्या दिवशी तो मुलगा तालमीला येत नाही. चुकलेल्या निवडीची किंमत ही अशी मोजावी लागते. क्लॅरिनेटवर खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत जाताना सगळी भोकं एकदम झाकावी लागतात. ते वर्षभराच्या सरावाचं काम आहे.

अमेरिकेत शाळांच्या बँडसाठीच्या रचनांना 1 ते 6 अशा श्रेणी लावतात. पहिल्या श्रेणीत पाच-सहा स्वर, सोपी लय आणि श्वासाला जागा. त्या रचना आपण तशाच्या तशा आणाव्यात, असं मी म्हणणार नाही. मोजपट्टी मात्र घ्यावी. नवशिक्यांची बोटं पहिल्यांदा बसतात ती सा रे ग म प या पाच स्वरांवर. एक ध मिळवला की भूप आणि दुर्गा दोन्ही हाताशी येतात आणि या रागांतल्या सरळ बंदिशींची मुखडी मुलांना वाजवता येतात. देस मात्र थांबवावा. दोन निषादांचा फरक कच्च्या फुंकेला सांभाळत नाही. ‘जन गण मन’ बिलावलच्या अंगाचं, पसारा सप्तकाच्या थोडाच पलीकडं. ते दुसऱ्या वर्षी सुखानं येतं. मग 52 सेकंदांत ते पूर्ण करण्याची शिस्त.

आणि भोर-वेल्ह्याच्या मुलांकडं शहरातल्या मुलांपेक्षा एक गोष्ट जास्त आहे. पंतसचिवांच्या भोर संस्थानात या भागातले तालुके प्रचंडगड, राजगड, विचित्रगड अशा किल्ल्यांच्या नावांचे होते. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, पण जत्रेतला ढोल आणि लेझीम काही विलीन झाली नाही. या खोऱ्यातला मुलगा लेझमीचे हात बघत मोठा होतो. लय त्याला शिकवावी लागत नाही, कागदावर ओळखायला शिकवावी लागते. म्हणून इथल्या बँडचा पहिला कार्यक्रम नुसत्या तालवाद्यांचा असायला काही हरकत नाही. केरव्याच्या चार-आठ मात्रांवर कूच बसते, दादऱ्याच्या सहा मात्रांवर पावलं झुलतात.

‘जय जय महाराष्ट्र माझा’ 19 फेब्रुवारी 2023 पासून राज्यगीत झालं आणि शाळाशाळांत घुमू लागलं. राजा बढ्यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, शाहीर साबळ्यांचा आवाज. त्या आवाजाची फेक बँडच्या लहान मुलांना जमणार नाही, आणि जमवू पाहूही नये. शाहिराच्या ओळीला झीलकरी साथ देतात, तशी ओळ बासऱ्यांनी सोप्या स्वरांत धरावी, मधल्या जागा ढोलानं भराव्यात, आणि सगळ्यांत वरचा स्वर गाणाऱ्या मुलांवर सोपवावा.