हजेरीचा तास

इंदापूरच्या शाळेत पहिली घंटा झाली की आम्हां शिक्षकांचे पहिले काम हजेरीचे. मुले ‘हजर’ म्हणून मोकळी होतात. पण आपल्या मुलखात हा शब्द नेहमीच इतका निरुपद्रवी नव्हता. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आणला. पारधी, कैकाडी अशा जमातींच्या माणसांना त्यापायी पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. गाव सोडायचे तर कळवावे लागे. शेजारच्या सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. हा कायदा १९५२ साली गेला.

फराळाच्या ताटावर हे कशाला, असे वाचक म्हणतील. कारण एवढेच की, अशाच एका हजेरीवरून २००९ साली आपले नामांकित क्रिकेटपटू रुसले होते.

उत्तेजक द्रव्य घेणारा खेळाडू सामन्याच्या दिवशी बहुधा निर्मळ सापडतो. द्रव्य घ्यायचे ते सरावाच्या महिन्यांत. सामना जवळ आला की बंद करायचे. औषध अंगातून जाते, कमावलेले बळ मात्र राहते. म्हणून तपासनीस आगाऊ वर्दी न देता दारात उभा राहिला पाहिजे, आणि त्यासाठी ते दार कोठे आहे हे त्याला ठाऊक हवे. निवडक खेळाडूंनी दर तीन महिन्यांचा तपशील आधीच द्यायचा: रात्रीचा मुक्काम कोठे, सराव कोठे, आणि रोजचा एक तास असा, की त्या तासाला ते सांगितल्या जागी सापडलेच पाहिजेत. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की बंदी. पूर्वी ही मुदत अठरा महिन्यांची होती. इंग्लंडची ख्रिस्तीन ओहुरुओगू हिच्या अंगात कधी काही सापडले नाही. पण तीन चाचण्या चुकल्या म्हणून २००६ साली ती वर्षभर घरी बसली. तिनेच २००८ साली बीजिंगला ४०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले.

सचिन तेंडुलकर, श्रीरामपूरचा झहीर खान आदी मंडळी मात्र या तासाला राजी होईनात. २ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईत क्रिकेट मंडळाची बैठक झाली आणि अध्यक्ष नागपूरचे शशांक मनोहर यांनी खेळाडूंची बाजू उचलून धरली. गंमत अशी, की नियम लावू पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे उपाध्यक्ष त्या वेळी आमच्या शेजारच्या बारामतीचे शरद पवार होते. मेजाच्या दोन्ही बाजूंना मराठी माणसेच!

खेळाडूंची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. मुंबईवरील हल्ल्याला वर्षही झाले नव्हते, आणि त्याच मार्चमध्ये लाहोरला श्रीलंकेच्या संघाच्या बसवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. आपला ठावठिकाणा कागदावर उतरवून देणे कोणालाही जड गेले असते. परंतु याच देशातले धावपटू आणि नेमबाज तो तक्ता निमूट भरत होते. त्यांच्यासाठी कोणी बैठक बोलावली नाही. पारध्याची हजेरी जन्माने लागलेली होती. ही मैदानात मिळवलेल्या नावाबरोबर आलेली. दोन्ही एका मापाने मोजणे मला तरी पटत नाही.

भांडण दहा वर्षे भिजत पडले. जुलै २०१९ मध्ये विरारच्या पृथ्वी शॉवर खोकल्याच्या औषधात असणाऱ्या एका द्रव्यावरून आठ महिन्यांची बंदी आली. ती मंडळाच्या स्वतःच्याच तपासणीतून आली होती, आणि ही तपासणी मंडळाने स्वतः का करावी असा प्रश्न उभा राहिला. ९ ऑगस्ट २०१९ रोजी मंडळाने राष्ट्रीय संस्थेची तपासणी मान्य केली. वर्ष उलटायच्या आत, जून २०२० मध्ये, पाच क्रिकेटपटूंना तपशील न आल्याबद्दल नोटिसा गेल्या. त्यांत सांगलीची स्मृती मानधनाही होती. तपशील भरण्याचे काम मंडळाने आपल्याकडे घेतले होते. संगणकाच्या परवलीच्या शब्दाचा घोटाळा झाला, असे त्याचे उत्तर आले. माझ्या वर्गात वही घरी राहिल्याचे सांगणारी मुले आहेत, त्यांची मला आठवण झाली. आणि तो उन्हाळा टाळेबंदीचा; कोण कोठे आहे हे त्या दिवसांत न सांगताही कळत होते.