‘बाहुली’ म्हणायचं नाही

स्मरणिकेसाठी लेख द्या, विषय कोणताही चालेल, असा निरोप समितीकडून आला. शाळेच्या आठवणी माझ्यापेक्षा चांगल्या लिहिणारे आपल्या वर्गात पुष्कळ आहेत, ते काम मी त्यांच्यावर सोडते. मी लिहिणार आहे माझ्या छंदाबद्दल, कारण माझ्या काचेच्या कपाटाचा फोटो ग्रुपवर गेल्यापासून एकच प्रश्न येतोय : ‘‘अगं, या वयात बाहुल्या?’’ त्याचं उत्तर जरा लांब आहे आणि त्यात इतिहास बराच आहे. सनावळी चुकली की आपल्या इतिहासाच्या बाई अर्धा गुण कापायच्या, त्यामुळे सनावळ्या पुन्हा तपासून घेतल्या आहेत.

त्या कपाटात सुपरहिरोंच्या, खरं तर सुपरहिरोइनींच्या, ७४ फिगर आहेत. मान, खांदे, कोपर, गुडघे, घोटे असे सगळे सांधे वळणाऱ्या, वीतभर उंचीच्या. दुकानदार आणि संग्राहक त्यांना ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात. या शब्दाचा जन्मच मुळी ‘बाहुली’ हा शब्द टाळण्यासाठी झाला आहे.

१९५९ मध्ये अमेरिकेत मॅटेल कंपनीने बार्बी बाजारात आणली. बाहुली एकदाच विकायची, कपडे मात्र वर्षानुवर्षं विकत राहायचे, हे तिचं गणित. हेच मुलांसाठी का करू नये, असा विचार करून हॅस्ब्रो कंपनीने १९६४ मध्ये जी. आय. जो हा बारा इंची सैनिक काढला. गणवेश बदलता येतो, बंदूक, तंबू, जीप वेगळी विकत मिळते. म्हणजे ही बार्बीच, फक्त लष्करात भरती झालेली. अडचण एवढीच होती की बाप मुलाला ‘डॉल’ घेऊन देईना. म्हणून कंपनीत दंडक घातला गेला की या खेळण्याला कोणीही डॉल म्हणायचं नाही, ॲक्शन फिगर म्हणायचं. आपल्याकडे बाहुला-बाहुलीचं लग्न लावताना बाहुल्याला बाहुला म्हणवून घ्यायला कधी लाज वाटली नव्हती, पण ते असो.

सुपरहिरोंचा खरा बाजार उभा केला मेगो या न्यूयॉर्कच्या कंपनीने. १९७२ पासून तिने सुपरमॅन, बॅटमॅन, रॉबिन, ॲक्वामॅन असे आठ इंची हिरो कापडी पोशाखात विकायला सुरुवात केली. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला मेगोबद्दल आदर वाटावा असं एक कारण आहे. त्यांचं शरीर सगळ्यांचं एकच असे. डोकं आणि कपडे बदलले की नवा हिरो तयार. एकदा लिहिलेला कोड पन्नास ठिकाणी वापरावा तसं. त्यामुळे साच्यांचा खर्च वाचला आणि खेळणी स्वस्त राहिली. शिवाय डीसी आणि मार्व्हल या दोन्ही प्रतिस्पर्धी कॉमिक्सचे परवाने मेगोकडेच होते, म्हणून बॅटमॅन आणि स्पायडरमॅन एकाच मापाचे, एकाच फळीवर शेजारी उभे राहत. तसं पुढे क्वचितच झालं.

१९७४ मध्ये मेगोने वंडर वुमन, सुपरगर्ल, बॅटगर्ल आणि कॅटवुमन अशा चार जणी आणल्या. त्यांच्यासाठी अर्थातच शरीराचा वेगळा साचा लागला. इथे एक मेख आहे, ती पुढच्या पन्नास वर्षांसाठी लक्षात ठेवा. पुरुषाचा एक साचा डझनावारी हिरोंना पुरतो, बाईचा साचा चौघींपुरता. मग हिशेबनीस विचारणारच, की हा खर्च कशाला?

मेगो पुढे बुडाली. ‘स्टार वॉर्स’ नावाच्या एका येऊ घातलेल्या चित्रपटाचा परवाना तिने नाकारला आणि तो केनर कंपनीने घेतला. १९७७ च्या नाताळात केनरची खेळणी तयारच नव्हती, तेव्हा त्यांनी चक्क रिकामा खोका विकला. आत एक प्रमाणपत्र : फिगर नंतर टपालाने येतील. मुलांनी तेही घेतलं! १९७८ मध्ये आलेल्या या फिगर पावणेचार इंचांच्या होत्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर प्लास्टिक महागलं होतं आणि फिगर लहान असली की तिच्या मापाचं विमानही परवडतं. दिवाळीच्या किल्ल्यावर दरवाजापेक्षा मावळा उंच होतो, हा आपला दरवर्षीचा प्रश्न केनरने असा सोडवला. मेगोने १९८२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

त्यानंतरचा काळ माझ्या दृष्टीने कोरडा. १९८४ मध्ये मॅटेलने मार्व्हलच्या हिरोंची ‘सीक्रेट वॉर्स’ ही मालिका काढली, तिच्यात एकही बाई नाही. त्याच वर्षी केनरची ‘सुपर पॉवर्स’ आली. पाय दाबले की हात ठोसा मारतो, अशी सुंदर यांत्रिक करामत तिच्यात होती. तीन वर्षांत तीसहून जास्त पात्रं निघाली, त्यांत बाई एकच, वंडर वुमन.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? दूरदर्शनवर ही-मॅन आणि स्पायडरमॅन होते, इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ मराठी बोलत होता, पण बाहेरच्या वस्तू दुकानात यायला परवानगीच नव्हती. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधनं उठली ती थेट १ एप्रिल २००१ ला. आपण १९९६ ला दहावी झालो, म्हणजे आपलं अख्खं बालपण त्या बंधनांच्या आत गेलं. मिळत होतं ते इथेच बनलेलं. व्हीआयपी बॅगा करणाऱ्या ब्लो प्लास्टच्या लिओ या नावाखाली मॅटेलचा ही-मॅन निघायचा आणि एमआरएफ व हॅस्ब्रोने मिळून १९८७ मध्ये काढलेली फनस्कूल जी. आय. जो बनवायची, तीही आपल्या शेजारी गोव्याच्या कारखान्यात. वर्गात ते सैनिक ज्या दोघातिघांकडे होते त्यांना स्वतःची नावं आठवतील. मुलींच्या बाकांपर्यंत ते कधी आले नाहीत. इंद्रजालचे अंकही आमच्याकडे कव्हर गळून पडल्यावरच पोचायचे.

गंमत पुढे आहे. १९९४ मध्ये हॅस्ब्रोने अमेरिकेत पावणेचार इंची जो बंद केला, पण भारतात पाठवलेल्या साच्यांतून फनस्कूल तो काढतच राहिली. रंग मूळच्यापेक्षा भलतेच, कधी भडक, कधी न शोभणारे. इंटरनेट आल्यावर अमेरिकेतल्या संग्राहकांना याचा पत्ता लागला आणि आपल्याकडच्या बाजारपेठेत धूळ खात टांगलेले ते पुठ्ठे परदेशी जाऊ लागले. ज्या रंगांना आपण ‘डुप्लिकेट दिसतंय’ म्हणून नाकं मुरडत होतो, त्या रंगांसाठीच तिकडे जास्त पैसे मिळायला लागले.

आता त्या खटल्याकडे येते, ज्याच्यामुळे मी हा लेख लिहायला बसले. मार्व्हलच्या फिगर १९९० पासून टॉय बिझ ही कंपनी काढत होती. माल चीनमधून अमेरिकेत यायचा. अमेरिकेच्या सीमाशुल्काच्या जुन्या पुस्तकात माणसाची प्रतिकृती म्हणजे ‘डॉल’, तिच्यावर १२ टक्के शुल्क. प्राणी, राक्षस किंवा माणूस नसलेलं काही असेल तर ते ‘टॉय’, त्यावर ६.८ टक्के. टॉय बिझ न्यायालयात गेली आणि म्हणाली, एक्स-मेन ही माणसं नव्हेतच. न्यायाधीश ज्युडिथ बारझिले यांनी फिगर तपासल्या, कोणाला पंजे, कोणाला शेपूट, कोणाला अमानवी शक्ती, हे सगळं पाहिलं आणि जानेवारी २००३ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ज्यांनी एक्स-मेन वाचलंय ते चाहते हादरले. कारण त्या कॉमिकचा सगळा जीवच हा, की वेगळे जन्मलेलेही माणूसच असतात. ते सिद्ध करायला ही पात्रं चाळीस वर्षं झगडत होती आणि त्यांच्याच मालकाने शुल्कातल्या पाच टक्क्यांसाठी न्यायालयात उलटं सिद्ध केलं.

म्हणजे मुलग्यांना विकताना ‘बाहुली’ नको, कारण ती मुलींची. आणि जकात भरताना ‘बाहुली’ नको, कारण ती महाग. २००७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बाहुल्या आणि बाकीची खेळणी ९५०३ या एकाच क्रमांकाखाली आली, त्यामुळे आता सीमाशुल्कवाल्यांना फरक पडत नाही. ग्रुपवरच्या काही जणांना अजून पडतो.

टॉय बिझचीच २००२ मध्ये सुरू झालेली ‘मार्व्हल लेजंड्स’ ही सहा इंची मालिका म्हणजे आजच्या संग्राहकांचं मुख्य अन्न. पहिल्या तीन संचांत बाई नाही. चौथ्यात, २००३ मध्ये, इलेक्ट्रा आली. २००७ पासून परवाना हॅस्ब्रोकडे गेला. मी त्या सुमारास ऑनसाइट होते. थंडीत दर शनिवारी मॉलच्या खेळण्यांच्या विभागात जायचे आणि एक नमुना लक्षात आला. दुकानात येणाऱ्या एका खोक्यात सात-आठ फिगर असतात, त्यात बाई असलीच तर एक. शनिवारी सकाळी ती गेलेली असे, आणि तोच तो आयर्न मॅन महिनोन् महिने खिळ्याला लटकत राही. काही लोक दुकान उघडायच्या आधी उभे राहून ती एकच फिगर उचलत आणि दुपारी ई-बेवर तिप्पट किमतीला लावत. दुकानाच्या संगणकात मात्र नोंद अशी : नायिकेचा एक नग विकला, आयर्न मॅनचे पाच विकले. मग मागणी कोणाला जास्त? मागणी मोजायला आधी माल ठेवावा लागतो, हे कॉलेजात पहिल्या वर्षाच्या प्रयोगवहीतसुद्धा लिहून घेतात.

या उलट्या हिशेबाने पुढे चित्रपटांच्या कथाही बदलल्या. ‘आयर्न मॅन ३’चे दिग्दर्शक शेन ब्लॅक यांनी २०१६ मध्ये सांगितलं की मूळ मसुद्यात खलपात्र बाई होती, पण बाईचं खेळणं खपणार नाही असं वरून आल्यामुळे ते बदललं. २०१५ च्या ‘ॲव्हेंजर्स’मध्ये विमानातून मोटारसायकलवर झेप घेते ब्लॅक विडो. त्या प्रसंगाच्या खेळण्यात मोटारसायकलवर बसला होता कॅप्टन अमेरिका. चाहत्यांनी यावर गदारोळ केला, आणि तो केला ते बरंच झालं. संघटित चाहत्यांचा आवाज म्हणजे नुसती कटकट, असं मला वाटायचं, ते मत तेव्हा बदललं. नंतरच्या वर्षांत संचागणिक एक-दोन बायका दिसू लागल्या. २०१७ च्या ‘वंडर वुमन’ चित्रपटाच्या यशाचा त्यात मोठा हात असणार.

किमतीचं मात्र उलट झालं. २००२ मध्ये सात-आठ डॉलरला मिळणारी लेजंड्स २०२३ मध्ये २४.९९ डॉलरला गेली. काही गोष्टी तर आधी पैसे भरल्याशिवाय बनतच नाहीत. २०२० मध्ये हॅस्ब्रोने जाहीर केलं की ६ हजार लोकांनी प्रत्येकी साधारण ३५० डॉलर भरले तर आम्ही सेंटिनेल हा अवाढव्य यंत्रमानव काढू. २१ हजारांहून जास्त लोकांनी पैसे भरले. केनरचा रिकामा खोका आठवतो ना? तोच, फक्त आता गिऱ्हाईक चाळिशीतलं आहे.

भारतात २०११ मध्ये दिल्लीला आणि मग मुंबईला कॉमिक कॉन सुरू झालं, तेव्हा आपल्यासारखे वेडे किती आहेत हे पहिल्यांदा दिसलं. काही वर्षं माल बरा यायचा. मग फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. देशी कारखान्यांना याने बळ मिळालं असेल, आणि विषारी रंगांची खेळणी हटली तर आई म्हणून मला ते हवंच आहे. पण संग्राहक पुन्हा १९८८ मध्ये गेला. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत जागा मागायची, एवढाच मार्ग. आमच्या पुण्यातल्या ग्रुपवर आठ-दहा बायका आहेत. एक दंतवैद्य, एक बँकेत, दोघी माझ्याच धंद्यातल्या. कोणाचा भाऊ कधी येणार याचं वेळापत्रक सगळ्यांना पाठ असतं. आमचा एक नियम आहे : एकीला मिळालेली फिगर दुसरीला घेतल्या किमतीलाच द्यायची. नफा घेणारीला ग्रुपबाहेर काढतो, दोनदा काढलंही आहे.

माझ्या मुलीने मध्यंतरी त्यांतल्या स्टॉर्म आणि वास्प या दोघींना खोक्यातून काढून खेळायला घेतलं. बंद खोक्याची किंमत जास्त असते, त्यामुळे माझे एक परिचित संग्राहक अक्षरशः कळवळले. मी दोघी तिला देऊन टाकल्या. ती त्यांना बाहुल्याच म्हणते.

जाता जाता एक विनंती. वर ज्यांच्याकडे फनस्कूलचे सैनिक होते म्हटलं, त्यांनी संमेलनाला येण्यापूर्वी आईला विचारून माळा एकदा बघावा. तुटका हात, हरवलेली बंदूक चालेल. मागचा छापील पुठ्ठा असेल तर तो मुद्दाम आणा, त्यावर गोव्याचा पत्ता कसा छापलाय त्याचा मला फोटो काढायचा आहे.