रथध्वज आणि मोटारीवरील मूर्ती

महाभारतातील वीर रणांगणावर ओळखू येई तो रथावरील ध्वजचिन्हाने. अर्जुनाचा कपिध्वज, भीष्मांचा तालध्वज, द्रोणाचार्यांच्या ध्वजावरील वेदी व कमंडलू वाचकांस परिचित आहेतच. विसाव्या शतकाच्या आरंभी तीच हौस मोटारीवर अवतरली. रेडिएटरचे टोपण तेव्हा बाहेर, समोरच असे. त्यावर धनिक लोक मनास येईल ती बाहुली बसवीत, आणि त्यांतील कित्येक ओंगळ असत. रोल्स-रॉइस कंपनीस हे रुचले नाही. तिने शिल्पकार चार्ल्स साइक्स यांजकडून १९११ साली वाऱ्यावर वस्त्रे उडणारी, पुढे झुकलेली स्त्रीमूर्ती करविली.

घडविण्याची रीत मात्र आपणांस नवी नव्हे. मेणाची प्रतिमा करावी, तीवर मातीचा लेप द्यावा, मेण वितळवून पोकळीत धातुरस ओतावा. हे मधूच्छिष्टविधान कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकातच ‘मानसोल्लासा’त वर्णिले आहे. साचा दर खेपेस फुटतो. म्हणून त्या जुन्या मूर्तींत दोन अगदी एकसारख्या सापडणे कठीण.

ही मूर्ती लॉर्ड माँटेग्यूंच्या चिटणीस एलिनॉर थॉर्नटन यांजवरून घडविली, असे परंपरेने मानतात. १९१५ साली माँटेग्यू हिंदुस्थान सरकारचे मोटार-वाहतुकीचे सल्लागार म्हणून इकडे निघाले, तेव्हा ‘पर्शिया’ आगबोटीवर त्याही सोबत होत्या. मुंबईकडे येणारी ती बोट ३० डिसेंबर रोजी क्रीट बेटानजीक जर्मन पाणबुडीने बुडविली. ३०० हून अधिक माणसे गेली. माँटेग्यू वाचले, एलिनॉर वाचल्या नाहीत. मूर्ती मात्र पुढेही संस्थानिकांच्या मोटारींवर हिंदुस्थानात येत राहिली.