स्कीची रुंदी : एक ऐतिहासिक विचार

१९२४ सालीं उत्तर स्वीडनमधील काल्व्हत्रेस्क ह्या गांवाजवळ दलदलींत चर खणीत असतांना एक जुनी लांकडी स्की सांपडली. तिच्या जोडीस एक दांडाही मिळाला. त्याचें एक टोंक फावड्यासारखें कोरलेलें होतें. शास्त्रीय परीक्षणाअंतीं ही स्की सुमारें ५,२०० वर्षांपूर्वींची ठरली. आज ती उमेओ येथील संग्रहालयांत ठेविलेली आहे. तिची लांबी दोन मीटरांहून किंचित् अधिक व रुंदी सुमारें १५ सेंटिमीटर आहे. ह्यांतील शेवटच्या आंकड्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष विशेषेंकरून वेधूं इच्छितों. आज यूरोप-अमेरिकेंतील दुकानांत पायाखालीं दहा सेंटिमीटर रुंद असलेली स्की 'सर्व पर्वतावर व सर्व हिमांत चालणारी' म्हणून विकली जाते, आणि तिच्या रुंदीचें कौतुक असें चालतें कीं, जणूं मनुष्यास ही गोष्ट कालच सुचली.

रुंदीचें मर्म साध्या त्रैराशिकानें कळण्याजोगें आहे. सामानासह ८० किलो वजनाचा मनुष्य ताज्या हिमांत एक पाऊल टाकतो, तेव्हां त्याच्या बुटाखालीं दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ३०० ग्रॅम भार पडतो व तो मांडीपर्यंत रुततो. त्याच मनुष्यानें १८० सेंटिमीटर लांब व सरासरी ८ सेंटिमीटर रुंद अशा दोन स्की पायांत घातल्या, तर तो भार २८ ग्रॅमांवर येतो. रुंदी साडेबारा केली तर १८ वर. टोंकांचा निमुळतेपणा सोडून दिला, तर काल्व्हत्रेस्कच्या मापाच्या जोडीवर तो अवघा १३ ग्रॅमच भरेल. त्या शिकाऱ्याला गणित येत नसेल. पण रुतलेल्या मनुष्यास हरणाचा पाठलाग करतां येत नाहीं, हें तो पुरतें जाणून होता.

मग ही रुंदी मध्यंतरीं गेली कोठें? आमच्या मतें, ती हिमानें नव्हे तर वाटेनें हिरावून घेतली. एकोणिसाव्या शतकांत नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतांतील सोंड्रे नॉरहाइम ह्या गरीब कुळानें (१८२५-१८९७) टांचेभोंवतीं पिळलेल्या डहाळ्यांचा बंध घातला आणि फळीची कंबर टोंकांपेक्षां अरुंद केली. त्यामुळें ती सहज वळूं लागली. १८८८ सालीं नान्सेननें स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलें, आणि त्याच्या ग्रंथानें मध्य यूरोपांत ह्या विद्येचें वेड पसरविलें. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल हेही १८९४ च्या मार्चांत दाव्होसहून डोंगर ओलांडून आरोझास स्कीवरून गेले. येथवर स्की हें प्रवासाचें साधन होतें. पुढें १९२६ सालीं साल्झबर्गकडील रुडोल्फ लेट्नर ह्यानें फळीच्या कडांस पोलादी पट्ट्या बसविण्याचें पेटंट घेतलें. १९३४ सालीं दाव्होस येथें मनुष्यास उतारावरून वर ओढणारा दोर सुरू झाला, व १९३६ सालीं अमेरिकेंतील सन व्हॅली येथें खुर्च्यांचा पाळणा आला. त्याची कल्पना केळ्यांचे घड जहाजांत चढविण्याच्या यंत्रावरून सुचली, हें येथें गमतीखातर नमूद करतों. वर चढण्याचे कष्ट संपले, एकाच उतारावरून दिवसांतून वीस वेळां उतरतां येऊं लागलें. हिम तुडविलें गेलें, मग यंत्रांनीं दाबून सपाट केलें जाऊं लागलें. अशा कठीण पृष्ठभागावर तरंगण्याची गरजच नाहीं; तेथें धार रोवली पाहिजे, आणि एका धारेवरून दुसरीवर चटकन् गेलें पाहिजे. म्हणून स्कीची कंबर सात सेंटिमीटरांच्या आंतबाहेर स्थिरावली. पुष्कळांस तोच स्कीचा नैसर्गिक आकार वाटूं लागला. सपाट रस्त्यावर वाढलेल्यास बैलगाडीच्या चाकाची रुंदी विचित्र वाटावी, तसेंच हें झालें.

परतीची वाट हिमफळकावाल्या पोरांनीं दाखविली. एकाच रुंद फळीवर आडवें उभे राहून हीं मुलें खोल हिमांत ज्या सहजतेनें खेळत, ती पाहून ऑस्ट्रियांतील ॲटॉमिक कारखान्याच्या रुपर्ट हूबरनें १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पायाखालीं अकरा सेंटिमीटरांहून अधिक रुंदीची स्की घडविली. तिची प्रथम थट्टाच झाली; लठ्ठ फळ्या ह्या दुबळ्यांच्या कुबड्या, असें कसलेले गडी म्हणत. परंतु कॅनडांत हेलिकॉप्टरनें शिखरावर उतरणाऱ्या प्रौढ पाहुण्यांस तिनें दिवसभर तग धरूं दिला. खरी क्रांति शेन मॅकॉंकीची. त्यानें विचारिलें कीं, ताजें हिम जर पाण्यासारखें वागतें, तर स्कीचा आकार कठीण बर्फावरून कां घ्यावा? पाण्यावरील स्कीवरून स्फूर्ति घेऊन त्यानें उलट्या बांकाची, मध्यें १२५ व शेंड्याशीं ११५ मिलिमीटर रुंद अशी स्की कल्पिली. ती २००२ च्या सुमारास 'स्पॅट्युला' ह्या नांवानें निघाली. स्पॅट्युला म्हणजे आपलें उलथणें. ह्याहून समर्पक नांव सांपडणें कठीण! मॅकॉंकीचा २००९ सालीं डोलोमाइट पर्वतांत अंत झाला. कड्यावरून झेप घेतल्यावर स्की पायांतून वेळेवर सुटली नाहीं, आणि छत्री उघडण्यास अवधि उरला नाहीं.

आज बाजारांत जिचा बोलबाला आहे, ती ९० ते १०५ मिलिमीटर कंबरेची मधली स्की ह्या दोन कुळांची संतति होय. तिची परीक्षा हिमाच्या जातीनुसार करावी लागते. पिठीसारख्या ताज्या हिमांत ती, विशेषतः शेंडा वर उचललेला असल्यास, उत्तम चालते, ह्यांत वाद नाहीं. दुपारपर्यंत लोकांनीं तुडवून ढेकळें केलेल्या हिमांत मात्र नुसती रुंदी पुरत नाहीं. तेथें वजन व ताठपणा हवा. हलकी रुंद फळी प्रत्येक ढेकळावर उडते, जड अरुंद फळी तें फोडून जाते. वर पातळ पापुद्रा व खालीं भुसा, असें हिम सर्वांत कपटी. त्यांत अरुंद फळी पापुद्र्याखालीं अडकून गुडघा पिळवटते, आणि रुंदीचा खरा उपकार आम्हांस येथेंच दिसतो. वसंतांतील भरड मिठासारख्या हिमांत दोन्ही बऱ्या. पण पहांटेच्या कांचेसारख्या बर्फावर रुंद फळीचें सोंग उघडें पडतें. धार पायाच्या मध्यरेषेपासून जितकी दूर, तितकी ती रोवून धरण्यास घोट्यास व गुडघ्यास अधिक पिळा सोसावा लागतो. ही तरफेची गोष्ट आहे, जाहिरातीनें ती बदलत नाहीं.

आमची तक्रार फळीबद्दल नाहीं, 'सर्व' ह्या शब्दाबद्दल आहे. रुंद स्कीनें खोल हिमांतील उतरण इतकी सोपी केली कीं, जेथें पूर्वीं केवळ मुरलेले डोंगरी जात, तेथें बेताचा शिकाऊही जाऊं लागला. गुलमर्गास २००५ सालीं पाळण्याचा दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यापर्यंत, सुमारें ३,९५० मीटर उंचीवर पोंचला. त्यानंतर तेथें देशोदेशींचे लोक ह्याच ओढीनें येऊं लागले. हिम फळीस तरंगवितें, पण उतारच सरकला तर फळी कोणास तरंगवीत नाहीं. आणि ती सोपी झाल्यानें मनुष्याची हिम वाचण्याची विद्या वाढलेली नसते.

ह्या बाबतींत जुने लोक अधिक प्रामाणिक होते असें वाटतें. स्कँडिनेव्हियाच्या कांहीं भागांत शतकानुशतकें विजोड जोडी वापरीत. एक स्की लांब, घसरण्यासाठीं, दुसरी आंखूड, तळाशीं कातडें लावलेली, रेटा देण्यासाठीं. एकाच फळीकडून दोन्ही कामें होत नाहींत, हें त्यांनीं उघड कबूल करून टाकिलें होतें. नॉर्वेच्या डिगेरव्हार्डेन येथील वितळत्या बर्फांतून २०१४ सालीं सुमारें १,३०० वर्षांपूर्वींची एक स्की निघाली, आणि तिची जोडीदार तेथेंच, पांच मीटरांवर, २०२१ सालीं. दुसरी १८७ सेंटिमीटर लांब व १७ रुंद आहे; पहिली तिच्याहून आंखूड व अरुंद आहे. पाय अडकविण्याचे बंध दोहोंवर शिल्लक आहेत, आणि वापरून झिजल्यावर केलेल्या डागडुजीच्या खुणाही.