मेरी डायरचे माहेर

मेरी डायरच्या माहेराचा शोध घेऊ लागलो, की आधी गाठ पडते ती दंतकथेशी. १६६० मध्ये बॉस्टनला फाशी गेलेली ही क्वेकर स्त्री म्हणे राजकन्या होती. अ‍ॅराबेला स्टुअर्टची गुपचूप वाढवलेली मुलगी! अ‍ॅराबेलाने १६१० मध्ये विल्यम सीमोरशी चोरून लग्न केले आणि १६१५ मध्ये टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत तिचा अंत झाला, एवढे खरे. तिला मूल झाल्याचा समकालीन पुरावा मात्र नाही.

कागद सांगतात ते साधे आहे. २७ ऑक्टोबर १६३३ रोजी लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमध्ये मेरी बॅरेट आणि विल्यम डायर यांचा विवाह झाला. पुढे विल्यम बॅरेट नावाचा तिचा भाऊ वारला आणि त्याच्या मालमत्तेची व्यवस्था या दांपत्याकडे आली. माहेरचा भक्कम दुवा काय तो हा. भाऊ गेला, म्हणून बहिणीचे नाव दप्तरात उरले.

ही दंतकथा मला निरुपद्रवी वाटत नाही. २७ ऑक्टोबर १६५९ रोजी, म्हणजे लग्नाच्याच तारखेला, मेरीच्या डोळ्यांदेखत दोन क्वेकरांना फाशी दिले गेले. तिला ऐनवेळी सोडले. हद्दपारीचा हुकूम मोडून ती पुन्हा बॉस्टनला आली आणि १ जून १६६० रोजी फासावर चढली.

क्वेकर मंडळी न्यायाधीशापुढेही टोपी उतरवीत नसत. त्यांच्यातल्या एकीचे मोठेपण सिद्ध करायला राजरक्त कशाला हवे?