हात आवरता घेताना

दक्षिण आफ्रिकेत जायचे, सिंहाच्या छाव्यांना बाटलीने दूध पाजायचे, त्यांचे पिंजरे धुवायचे आणि वर या कामाचे पैसेही आपणच भरायचे, असा एक उद्योग तिथे बरीच वर्षे जोरात चालला. छावे पोरके आहेत, मोठे झाले की जंगलात सोडू, असे जगभरातून आलेल्या तरुण स्वयंसेवकांना सांगितले जाई. २०१५च्या ‘ब्लड लायन्स’ या माहितीपटाने बिंग फोडले. छावे मुद्दाम आईपासून तोडलेले असत आणि माणसाळलेले सिंह पुढे कुंपणातल्या शिकारीसाठी विकले जात. २०२१मध्ये तिथल्या सरकारने सिंहांची अशी बंदिस्त पैदास बंद करण्याचे धोरण जाहीर केले.

मूळ कल्पना मात्र लबाडीची नव्हती. १९२०मध्ये पिएर सेरेसोल या स्विस माणसाने महायुद्धात बेचिराख झालेले एक फ्रेंच गाव पुन्हा उभे करायला वेगवेगळ्या देशांची माणसे जमवली. बिहारच्या १९३४च्या भूकंपानंतर ते स्वतः इथेही येऊन राबले. परदेशी जाऊन बिनपगारी काम करण्याची वाट ही अशी कुदळ-फावड्यांची. प्राणी तिच्यावर उशिरा आले. १९७१मध्ये बोस्टनला ‘अर्थवॉच’ सुरू झाली आणि संशोधनाला पैसा कमी पडतो तर हौशी माणसांनी खर्चाचा वाटा उचलावा आणि सोबत कामही करावे, ही रीत पडली. खर्चाचा वाटा म्हणता म्हणता स्वयंसेवकाचे गिऱ्हाईक कधी झाले, ते कळलेही नाही.

आपल्याकडच्या वंशावळीत मूळपुरुष शिकारी आहे. १८८३मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सुरुवातीचे बरेच सभासद साहेबी अंमलदार होते. जिथे बदली होईल तिथून कातडी, कवट्या, अंडी पाठवायचे. मोबदला नाही, नुसती आवड. निसर्गासाठी फुकट राबणाऱ्या या पहिल्या हातांत बंदूक होती, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते.

ती बंदूक खाली ठेवणारी पिढी जवळ जाऊन शिकली. प्रकाश आमटे १९७३च्या डिसेंबरात हेमलकशाला गेले. माडिया आदिवासींनी मारलेल्या माकडिणीचे जिवंत पिल्लू त्यांनी मागून घेतले आणि त्यातून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. अंगणात मुलांबरोबर बिबटे खेळत. पुण्यात नीलिमकुमार खैरे १९८०मध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत बसले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे सिद्ध करायचे होते, आणि ते भाषणाने होण्यासारखे नव्हते. १९८६मध्ये त्यांनी कात्रजचे सर्पोद्यान उभारले. आज मुळशीत भातलावणीच्या दिवसांत पडवीत घोणस निघाली की काठीऐवजी सर्पमित्राला बोलवायला मोबाइल शोधला जातो, त्याच्या मुळाशी ते काचेचे ७२ तास आहेत, असे मला वाटते. महाराष्ट्राने घडवलेला अस्सल स्वयंसेवक म्हणजे हा सर्पमित्र. विमान नाही, प्रमाणपत्र नाही, पेट्रोल पदरचे.

पण जवळीक दाखवून लोकांची भीती घालवणे वेगळे आणि प्राण्याला त्याचे रान परत देणे वेगळे. आमट्यांच्या बिबट्यांशी असलेल्या सलगीवर पुढे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने आक्षेप घेतला. अनेक मराठी वाचकांना तो कृतघ्नपणा वाटला. मला दोन्ही बाजू आपापल्या काळात बरोबर वाटतात.

हात मागे घ्यायला खरे शिकवले ते जुन्नरच्या उसाने. २००१ ते २००३च्या सुमारास तिथे उसात राहणारे बिबटे पकडून दूर नेऊन सोडण्याचा सपाटा लागला, आणि हल्ले वाढले. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून दिसले की पकडून हलवण्यानेच संघर्ष चिघळतो. २०११च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही बिबटे असे उचलून हलवू नयेत हेच आले. ऊसतोडीत सापडलेली पिल्ले आता माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात वाढवायला नेत नाहीत. तपासून संध्याकाळी खोक्यात घालून त्याच फडात ठेवतात आणि माणसे लांब थांबतात. बहुतेकदा रात्री आई येते, उचलते, जाते.

पुणे शहराला हा धडा महाग पडला. ९ डिसेंबर २०२०ला कोथरूडच्या सोसायट्यांत गवा शिरला. गर्दीने पाठलाग केला, जाळी आली, भुलीचे इंजेक्शन आले, आणि काही तासांत गवा मेला. २२ तारखेला दुसरा गवा पाषाण-बावधनच्या बाजूला निघाला. या वेळी गर्दी अडवली, रस्ता मोकळा ठेवला, आणि तो आपल्या पायांनी जंगलात गेला. त्या दिवशी सर्वांत मोलाचे काम प्राण्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभे राहण्याचे होते.

मुळशी तालुक्याच्या वेशीवरच्या त्याच बावधनला आज ‘रेस्क्यू’ ही संस्था वनखात्याबरोबर वन्यप्राण्यांचे उपचार केंद्र चालवते. नेहा पंचमिया यांनी २००७मध्ये ती पुण्यातल्या भटक्या कुत्र्यांवर उपचार करण्यापासून सुरू केली. कुत्र्याला माणसाचा लळा लागला तर उत्तमच. जंगलात परत जायच्या बिबट्याला किंवा भेकराला तो लागला की त्याची परतीची वाटच बंद. म्हणून अशा कामात नव्या माणसाच्या वाट्याला फळे चिरणे, पिंजरे घासणे, फोन घेणे येते. माकडाच्या पिल्लाला कुशीत घ्यायला आलेला इथे हिरमुसतो, आणि हिरमुसला तरी चालेल.

सर्पमित्राला मात्र हात लावल्याशिवाय गत्यंतर नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने साप संरक्षित आहे, विनापरवाना पकडणे गुन्हा, आणि तरी रात्री दोनला फोन त्यालाच जातो. २०२५च्या जुलैमध्ये राज्य सरकारने सर्पमित्रांना ओळखपत्र आणि १० लाख रुपयांचा अपघात विमा देण्याचे जाहीर केले. विमा हवाच होता. ओळखपत्राबद्दल एकच विचारायचे आहे: ते मिळाल्यावर कुणी नाग गळ्यात घालून फोटो टाकला, तर ते परत घेणार का?